भाचा गोळ्या घेत नव्हता, आणि आम्हाला सहा महिने पत्ता नाही

कोयनाकाठ (धागाकर्ता), १६ जून, रात्री ११.२०

इथला जुना सभासद आहे, पण हा आयडी नवा काढलाय. जुन्या आयडीला आमच्या भागातले चारजण ओळखतात. कारण पुढे कळेलच.

भाचा १५ वर्षांचा, यंदा दहावीत. दाजी २०११ ला गेले, बहीण २०१३ ला. चार वर्षांचं पोर आमच्याकडे आलं. तेव्हाच तपासणी झाली, एचआयव्ही निघाला आणि गोळ्या सुरू झाल्या. आधी दिवसातून दोनदा असायच्या, पाण्यात विरघळवून द्यायच्या. गेली चारेक वर्षं एकच मोठी गोळी, तिच्यात तीन औषधं, रात्री जेवण झालं की. दर वर्षी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती त्याचा, रिपोर्ट यायचा, 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', विषाणू सापडत नाही. काउन्सेलर मॅडम दुसऱ्या पालकांना आमचं उदाहरण द्यायच्या.

या महिन्यात रिपोर्ट आला ४१,०००.

मला वाटलं लॅबमध्ये गडबड झाली. मॅडमनी डबी मागितली, उरलेल्या गोळ्या मोजल्या. हिशोब चोख. घरी आल्यावर दोन दिवसांनी बायकोने माळ्यावरची जुनी क्रिकेटची किट खाली काढली, तर पॅडच्या आत गोळ्या. शंभरावर असतील.

त्या रात्री मी हात उचलला. लिहितानाही लाज वाटते. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. आता बायको रोज गोळी हातावर ठेवते, गिळेपर्यंत समोर उभी राहते, 'आ कर' म्हणते. घेतो. पण असं किती दिवस चालणार? उद्या कॉलेजला बाहेर गेला की काय?

त्याला काय माहीत आहे तेही सांगतो. अकरा वर्षांचा असताना मी सांगितलं होतं की तुझ्या रक्तात एक जंतू आहे, आईबाबांकडून आलाय, गोळी घेतली की तो झोपून राहतो. आजाराचं नाव घेतलं नाही. घरात आम्ही दोघं आणि माझी आई, तिघांनाच ठाऊक.

कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

समुपदेशक_माजी, १७ जून, सकाळी ७.०५

दादा, अकरा वर्षं एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रात, काउन्सेलर होते, म्हणून लिहिते. आधी एक: मारलंत ते चुकलं, हे तुम्हाला कळलंय. ते त्यालाही सांगा. 'चुकलो' एवढंच. पुढे 'पण तू पण' असं काही जोडू नका.

डबी मोजण्याबद्दल. ९० गोळ्या दिल्या आणि माणूस ८८व्या दिवशी आला तर दोन उरायला हव्यात, असा तो हिशोब. ९५ टक्क्यांच्या वर असलं की आम्ही खूश. बारा-तेरा वर्षांची पोरं हे गणित आमच्याआधी करून येतात. एका मुलाने मला सांगितलेलं, सेंटरला यायच्या आदल्या रात्री तो जादाच्या गोळ्या संडासात टाकायचा. डबी मोजून डबीचंच कळतं, पोटात काय गेलं ते व्हायरल लोड सांगतो. म्हणून ४१,००० ला घाबरू नका. तो रिपोर्ट आला म्हणून पॅड उघडलं.

आता सेंटरवाले महिन्याच्या महिन्याला बोलावतील, समुपदेशन वाढवतील आणि तीन महिने नीट गोळ्या गेल्या की पुन्हा लोड करतील. एक हजाराच्या खाली यायला हवा. ही पायरी टाळू नका.

आणि मला सांगा, त्याने गोळ्या का बंद केल्या हे त्याला कुणी विचारलंय का? 'का नाही घेतल्यास' हा ओरडण्यातला प्रश्न झाला. तो सोडून.

फार्मा_अण्णा, १७ जून, सकाळी ९.४०

मी दुकानदार माणूस, मनाचं मला कळत नाही. औषधाचं सांगतो. तीन औषधांची गोळी म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्हुडीन, डोल्युटेग्रॅविर. यातल्या शेवटच्याचं लोह, कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमवाल्या ॲसिडिटीच्या औषधांशी जमत नाही, पोटात एकत्र आली तर ते नीट शोषलं जात नाही. शाळेत सोमवारी निळी लोहाची गोळी देतात ना, ती. तुमची गोळी रात्रीची आहे तोवर प्रश्न नाही. उपाशीपोटी असेल तर आपली गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. भरल्या पोटी लोह आणि ती एकत्र चालते. पण आजीची ॲसिडिटीची पातळ बाटली मात्र जेवणासोबतही नको, तिला तेच दोन आणि सहा तासांचं अंतर.

गोळी जेवणाआधी, जेवणानंतर, उपवासाच्या दिवशी, कशीही चालते. घरात 'आज उपास आहे, नको' असं कुणी म्हणत असेल तर थांबवा.

डबीतला_आवाज, १७ जून, दुपारी २.१५

मी २३ वर्षांचा. जन्मापासून पॉझिटिव्ह. इथे पहिल्यांदा लिहितोय.

मामा, तुम्ही नाव सांगितलं नाही म्हणता. सेंटरच्या दारावर पाटी असते. तुमचा भाचा दुसरीत वाचायला शिकला असेल, म्हणजे आठ वर्षं तो ती पाटी वाचतोय. सेंटरच्या हिरव्या पुस्तकावर लिहिलेलं असतं. एसटी स्टँडच्या भिंतीवर लिहिलेलं असतं. मला घरी 'दम्याची गोळी' सांगितलेली. चौथीत मी वर्गातल्या खऱ्या दम्याच्या पोराला विचारलं, तुझी गोळी दाखव. त्याच्याकडे पंप होता. तेव्हाच कळलं काहीतरी लपवतायत, आणि लपवण्यासारखं आहे म्हणजे घाण आहे.

पुढे मी एका संस्थेत वाढलो. तिथे सोपं होतं. साडेआठची घंटा, रांग, सगळेच घेणार. आमच्यातल्या मोठ्या पोरांचे गाल बसलेले असायचे, जुन्या औषधांनी व्हायचं तसं, त्यावरून आम्हीच एकमेकांना चिडवायचो. तिथे मी वर्षानुवर्षं एकही गोळी चुकवली नाही. अठरा झालो, पुण्यात रूमवर आलो, तीन रूम पार्टनर. आणि चार महिन्यांत लोड लाखावर. विसरलो नव्हतो हो. डबी उघडताना खुळखुळ वाजते. तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी रात्री शांत खोलीत काढून बघा, पाटीलवाड्यापर्यंत ऐकू जाते.

भाच्याला विचारा, गोळी घ्यायच्या वेळी कोण कोण बघत असतं.

निसर्गवाट, १७ जून, दुपारी ४.३०

इतक्या लहान वयापासून रोज केमिकल म्हणजे किडनीवर भार येणारच. शरीर स्वतःहून नाही म्हणत असेल. थोडा ब्रेक देऊन गुळवेल आणि

(उरलेला मजकूर संपादित. उपचार थांबवण्याचे सल्ले या विभागात चालणार नाहीत. – संपादक)

बालरोग_तालुका, १७ जून, सायंकाळी ७.५०

संपादकांनी बरं केलं, पण मुद्दा लोकांच्या मनात असतो म्हणून उत्तर देतो. 'ब्रेक' देऊन बघण्याचा प्रयोग झालेला आहे. मोठ्या माणसांवर, ५,४७२ जणांवर, अनेक देशांत. २००६ मध्ये तो मुदतीआधी थांबवावा लागला, कारण सुट्टी घेणाऱ्या गटात आजारपण आणि मृत्यू जास्त दिसले. टेनोफोविरने काहींच्या किडनीवर परिणाम होतो हे खरं. त्यासाठी सेंटरला क्रिएटिनिन तपासतात. काळजी असेल तर ते तपासून घ्या.

धागाकर्त्यांना: डोल्युटेग्रॅविर विषाणूपुढे सहजी हार न मानणारं औषध आहे, विषाणूला त्याच्याविरुद्ध तयार व्हायला अवघड जातं. म्हणून लोड वाढला की पहिला संशय औषधावर नाही, न घेण्यावर घ्यायचा. तुमच्याकडे तर पुरावाच सापडला. औषध बदला म्हणून मागे लागू नका. मात्र खोकला, रात्रीचा ताप, वजन उतरणं, मानेत गाठ, यातलं काही असेल तर लगेच दाखवा. टीबी निघाला तर त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं.

उंचीला कसा आहे? जन्मापासून लागण असलेली पुष्कळ मुलं उशिरा वाढतात. दहावीत सगळ्यांना मिसरूड आणि हा पहिल्या बाकावर, हेही एक कारण असतं. माझ्याकडचा एक मुलगा म्हणाला होता, गोळीनेच मी बुटका राहिलो. उलट आहे हे त्याला कुणी समजावलंच नव्हतं.

बार्शीची_लेक, १८ जून, सकाळी ११.००

आमच्याकडे पुतणी, १७ वर्षांची. तिने मागच्या वर्षी दोन महिने सोडल्या होत्या. कारण काय, तर मैत्रिणीच्या बहिणीच्या साखरपुड्याला गेली आणि तिथून आल्यावर म्हणाली, काकी, माझं तर काही होणारच नाही ना असं, मग कशाला. मी म्हटलं होणार. तिला खोटं वाटलं. सेंटरच्या सिस्टरनी नीट सांगितलं की गोळ्या रोज चालू आणि लोड सापडत नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून नवऱ्याला लागण होत नाही, मूलही निगेटिव्ह होऊ शकतं. हे मलाच माहीत नव्हतं हो! दहा वर्षं तिला घेऊन जातेय मी. आम्ही फक्त 'गोळी घे नाहीतर आजारी पडशील' एवढंच म्हणत आलो. पोरीला आजाराची भीती नव्हतीच, तिला लग्नाची होती.

या आजारासाठी एसटीचा पास मिळतो साध्या गाडीचा, फुकट. आम्ही वापरत नाही. एकदा कंडक्टरने मोठ्याने वाचला. आता बायकांना अर्धं तिकीट आहेच, तेच काढतो.

बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० मिळतात का तुम्हाला? आई-वडील नसलेल्या मुलाला मिळायला हवेत. महिला व बालविकासच्या ऑफिसला चौकशी करा.

कोयनाकाठ, १८ जून, रात्री १०.४५

सगळ्यांना एकत्रच लिहितो. बालसंगोपन चालू आहे. उंचीचं खरं आहे, वर्गात सगळ्यात बारका. खोकला-ताप नाही.

'का' हे विचारलं नाही. मला वाटत होतं उत्तर माहीत आहे, कंटाळा. उद्या मोटर चालू करायला शेतावर जायचंय, त्याला नेतो. शाळेत सांगावं का हाही एक प्रश्न आहे. ऑगस्टमध्ये सहल आहे, तीन मुक्काम.

खडूफळा, १९ जून, सकाळी ६.३०

शिक्षक आहे. शाळेत सांगू नका. सगळे शिक्षक वाईट असतात म्हणून नव्हे, स्टाफरूमला दार नसतं म्हणून. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. या कारणावरून शाळा मुलाला काढू शकत नाही, वेगळं बसवू शकत नाही. कुणाला कळलंच तर हा कायदा हाताशी ठेवा, पण आपणहून जाऊन सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही. सहलीला तीन दिवसांच्या तीन आणि हाताशी दोन अशा पाच गोळ्या द्या. रात्रीची गोळी सहलीत अवघड, वीस पोरं एका हॉलमध्ये झोपतात. सकाळी दात घासायला जो तो आपापला जातो.

कोयनाकाठ, २१ जून, रात्री ११.५५

शेतावर दोन तास बसलो होतो. माफी मागितली. तो बराच वेळ पाटात पाय सोडून बसला. मग मी आजाराचं नाव घेतलं. तो म्हणाला, माहीत आहे. कधीपासून, तर सहावीपासून. पाटीवरून नाही. माझी आई त्याचा पेला वेगळा ठेवते. तिच्यासाठी ती सवय झालीय, आम्हालाही दिसेनाशी झालेली. त्याने पाहुण्यांच्या बोलण्यात आजाराचं नाव ऐकलं आणि पेल्याचा अर्थ लावला.

मग विचारलं, का सोडल्यास. मला वाटलं डबीचा आवाज, मित्र, उंची, असं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "आई पण घ्यायचीच ना गोळ्या? मग?"

मला काही सुचेना. तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच्या आठवणीत आई कॉटवर आहे, उशाशी गोळ्यांची डबी आहे, आणि मग आई नाही. बारा वर्षं तो तीच डबी आमच्याकडून घेतोय. मागच्या गणपतीत त्याच्या वडिलांकडची एक बाई त्याच्या देखत म्हणाली, आईच्या वाटेनंच जायचं हे पोर. त्यानंतर काही महिन्यांनी त्याने गोळ्या पॅडमध्ये टाकायला सुरुवात केली.

खरं काय ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. दाजी गेले तेव्हाच बहिणीची तपासणी झाली होती. सेंटरला नाव घालायला सांगितलं होतं. आम्ही, म्हणजे मी आणि वडिलांनी, तिला जाऊ दिलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. दोन वर्षं गेली. टीबी मेंदूत गेला तेव्हा दवाखान्यात नेली. तिच्या उशाशी जी डबी होती ती जेमतेम सात आठवड्यांची. हे सगळं त्याला सांगितलं. गोळ्यांनी आई गेली नाही, गोळ्या उशिरा मिळाल्या म्हणून गेली, आणि उशीर आम्ही केला.

तो उठून बांधाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा मोटर बंद करायची का एवढंच विचारलं. घरी येताना गाडीवर मागे बसून माझा शर्ट धरला होता. लहानपणी धरायचा तसा.

समुपदेशक_माजी, २२ जून, सकाळी ६.५०

दादा, अकरा वर्षांत मी किती पोरांना गोळ्यांचं महत्त्व सांगितलं असेल. आईची डबी कुणाच्या डोक्यात असेल असं मला कधी वाटलं नाही. आता वाटतंय, दोघा-तिघांच्या तरी असणार.

दोन कामाच्या गोष्टी. एक, पेला. आज बदला. दोन, 'आ कर' हळूहळू सुटलं पाहिजे. महिनाभर समोर, मग त्याने घ्यायची आणि तुम्हाला नुसतं सांगायचं, मग तेही नाही. आणि वेळ त्याला ठरवू द्या. एवढं ओझं कळल्यावर पोर गप्प राहणारच, पण झोप उडाली, जेवण तुटलं, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलला तर थांबू नका. सेंटरला सांगा, नाहीतर टेलिमानस आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

डबीतला_आवाज, २२ जून, दुपारी १.१०

मामा, मी तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझी आई मला आठवतही नाही, पण मीसुद्धा कधी कुणाला विचारलं नव्हतं की ती किती दिवस गोळ्यांवर होती.

त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर बोलेन.

समुपदेशक_माजी, २२ जून, दुपारी १.४०

बाळा, तुझ्याबद्दल शंका नाही. पण इंटरनेटवरून थेट नको, दोघांच्याही भल्यासाठी. दादा, तुमच्या जिल्ह्यात काळजी व आधार केंद्र असेल, सेंटरला विचारा. तिथे याच वयाच्या पोरांच्या बैठका होतात. त्या मार्गाने ओळख होऊ दे.

आरोग्य_पुणे, २२ जून, रात्री ९.००

याला जोडून. झिम्बाब्वेत 'झ्वांदिरी' नावाचा कार्यक्रम आहे, २००४ पासून. तिथे १८ ते २४ वयाची, स्वतः एचआयव्हीसह जगणारी पोरंच किशोरांच्या घरी जातात, मेसेज करतात, सोबत दवाखान्यात येतात. त्याची नीट चाचणी झाली, २०२० साली निकाल छापले गेले. नेहमीच्या सेवेवर असलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांमध्ये लोड वाढलेला राहण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. डॉक्टर तेच, गोळ्याही त्याच. आपल्याकडे अशा पोरांना मानधन देऊन नेमायला काय हरकत आहे, हा माझा जुना हट्ट आहे. इथे त्यावर वाद नको, वेगळा धागा काढीन.

फार्मा_अण्णा, २३ जून, सकाळी १०.१५

वेळ सकाळची ठरली तर माझं लोहाचं विसरू नका. सकाळी सातला ही, शाळेत दुपारच्या जेवणानंतर निळी. मध्ये दोन तासांहून जास्त अंतर पडतं, चालेल. एखाद्या दिवशी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची. पुढच्या गोळीला चार तासांहून कमी राहिले असतील तर मात्र थेट पुढचीच घ्या. दोन एकदम नाही.

कोयनाकाठ, ४ ऑक्टोबर, रात्री ९.३०

बरेच जण निरोपातून विचारत होते, म्हणून धागा वर काढतो.

नवा रिपोर्ट आला. ६२०. मॅडम म्हणाल्या हजाराच्या खाली आला, पुढचा शून्याकडे न्यायचा. वेळ त्याने स्वतः ठरवली, सकाळी पावणेसात, दात घासल्यावर. सहलीला जाऊन आला, पाचपैकी दोन परत आणल्या. आईने पेला बदलला नाही, म्हणून मीच तो अडगळीत टाकला आणि घरात सगळे पेले एकसारखे आणले. ती दोन दिवस रुसली.

महिन्यातून एकदा बैठकीला जातो, मला बाहेर थांबवतो. आत काय होतं सांगत नाही. तिथून आल्यावर एकदा मात्र म्हणाला, तिथल्या एका दादाने, आवाज होऊ नये म्हणून डबीत कापूस घालू नको सांगितलंय, ओल धरतो. सात खणांची पेटी घे म्हणाला. घेतली.

गोळ्या चुकतात अजून. सप्टेंबरात तीन चुकल्या, तिन्ही रविवारी. स्वतःच सांगितल्या, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे. रविवारी साडेनऊपर्यंत झोपतो आणि उठला की थेट मैदानावर. आता रविवारची गोळी बॅटच्या कव्हरच्या खिशात ठेवायची असं त्याचं त्यानेच ठरवलंय.

हा धागा मी त्याला वाचायला दिला. सगळा वाचला. म्हणाला, एक चूक आहे, ती दुरुस्त करा. पॅडमध्ये शंभरावर गोळ्या नव्हत्या. त्र्याऐंशी होत्या.